पेन्सिलने लिहिलेला अर्ज

इंटर्नशिपच्या दुसऱ्याच आठवड्यात मला एका सीनिअर रिपोर्टरसोबत कोर्टात पाठवलं होतं. मोठी केस वगैरे काही नव्हती, नुसतं बसायचं आणि बघायचं. एका मुलाला उभं केलं. माझ्याच वयाचा असेल, पायात स्लिपर. न्यायाधीशांनी विचारलं, वकील आहे का. त्याने आधी शेजारच्या हवालदाराकडे बघितलं, मग छताकडे, आणि मान हलवली. हो म्हणाला की नाही, तेच मला कळलं नाही. पुढच्या मिनिटाला त्याला सरकारी खर्चाने वकील देण्याचा आदेश झाला आणि पुढची केस पुकारली गेली. मला वाटलं, हे असंच असतं. वकील नाही, मग सरकार देतं. त्यात काय एवढं?

कॉलेजमध्ये मीडिया लॉच्या पेपरला एक नाव वाचलं होतं, पाच मार्कांपुरतं. घरी येऊन ते पुन्हा शोधलं आणि रात्रभर वाचत बसले. त्या माणसाची गोष्ट तुम्हाला सांगायची आहे. आधीच सांगते, तो काही हीरो टाइप नाही. आयुष्यभर छोट्यामोठ्या चोऱ्या, जुगार, अनेक लग्नं, अनेकदा जेल. तुमच्या आईवडिलांनी ज्याच्यापासून लांब राहायला सांगितलं असतं, अगदी तसा माणूस. नाव क्लॅरेन्स अर्ल गिडियन.

त्याचा जन्म 30 ऑगस्ट 1910 चा. अमेरिकेत मिसूरी राज्यातलं हॅनिबल हे गाव, म्हणजे मार्क ट्वेनचं गाव. टॉम सॉयर वाचला असेल तर नदीकाठची ती उनाड पोरं आठवतील. गिडियनचं बालपण मात्र तेवढं मजेचं नव्हतं. तो तीन वर्षांचा असताना वडील गेले. आईने दुसरं लग्न केलं. घरातल्या शिस्तीशी त्याचं कधी जमलंच नाही. आठवीनंतर शाळा सोडली आणि चौदा-पंधराव्या वर्षी घरातून पळाला. मालगाड्यांतून फिरायचं, मिळेल तिथे झोपायचं. सोळाव्या वर्षापर्यंत चोरीसाठी सुधारगृहात पोचला होता. सुटल्यावर चपला-बुटांच्या कारखान्यात काम केलं. अठराव्या वर्षी पुन्हा चोरी, या वेळी दहा वर्षांची शिक्षा. त्यातली तीन भोगून 1932 मध्ये बाहेर आला.

1932 साल लक्षात घ्या. अमेरिकेत महामंदी, डिग्रीवाल्यांना काम नाही. तिथे आठवी पास आणि जेल रिटर्न माणसाला कोण विचारतंय? पुढची वीसेक वर्षं मी दोन ओळींत सांगते, कारण ती तशीच आहेत: कॅन्ससमधल्या लेव्हनवर्थचा केंद्रीय तुरुंग, पुन्हा मिसूरी, तिथून पलायन, पुन्हा पकड, मग टेक्सास. मधल्या काळात तीन लग्नं झाली आणि मोडली.

1955 मध्ये त्याने रूथशी लग्न केलं. हे चौथं. तिला आधीची तीन मुलं होती, या दोघांना आणखी तीन झाली. टेक्सासमध्ये तो टगबोटींवर मजुरी करायचा, बारमध्ये काम करायचा. मग टीबीने गाठलं आणि बराच काळ अंथरुणावर गेला. नंतर कुटुंब फ्लोरिडातल्या पनामा सिटीला आलं. (पनामा देशाशी याचा संबंध नाही. समुद्रकाठचं छोटं शहर आहे.) तिथे तो वायरिंगची कामं करायचा आणि घर चालवायला पत्त्यांचा जुगारही खेळायचा. संसार पुन्हा विस्कटला. पन्नाशीतला, टीबीने खंगलेला, केस पिकलेला माणूस. आता याच्या आयुष्यात काही घडेल असं कुणालाही वाटलं नसतं.

तारीख 3 जून 1961. पनामा सिटीच्या बे हार्बर भागात एक पूलरूम होती, म्हणजे पूल खेळायचा, बिअर प्यायचा अड्डा. रात्री कुणीतरी तिथे घुसलं. सिगारेटचं मशीन आणि ज्यूकबॉक्स फोडून चिल्लर काढली, थोडी बिअर, कोल्ड्रिंक आणि वाइन नेली. मोठा दरोडा वगैरे नाही. एका तरुणाने पोलिसांना सांगितलं, की पहाटे साडेपाचच्या सुमाराला त्याने गिडियनला तिथून बाहेर पडताना पाहिलं, हातात वाइनची बाटली, खिशात चिल्लर. गिडियनला त्याच दिवशी धरलं. खिशात खरंच पंचवीसेक डॉलरची नाणी सापडली. चोरी किरकोळ असली तरी आरोप गंभीर गुन्ह्याचा होता: चोरीच्या हेतूने कुलूपबंद जागेत घुसणे.

4 ऑगस्ट 1961 ला खटला उभा राहिला. न्यायाधीश रॉबर्ट मॅक्क्रेरी. गिडियनने सांगितलं, की मी तयार नाही, माझ्याकडे पैसे नाहीत, मला कोर्टाने वकील द्यावा. न्यायाधीशांनी खेद व्यक्त केला आणि नकार दिला. फ्लोरिडाच्या कायद्याप्रमाणे फाशी होऊ शकेल अशाच खटल्यात कोर्ट वकील द्यायचं. यावर गिडियनने ठासून सांगितलं, की अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने मला वकिलाचा हक्क दिला आहे.

आता गंमत ऐका. तो चुकीचं बोलत होता. सुप्रीम कोर्टाने असं काही म्हटलंच नव्हतं, उलट 1942 मध्ये बेट्स विरुद्ध ब्रेडी या खटल्यात नेमकं विरुद्ध सांगितलं होतं. बेट्स मेरिलँडमधला बेकार शेतमजूर होता. त्यानेही वकील मागितला होता, त्यालाही नाकारला गेला होता. सुप्रीम कोर्टाचं म्हणणं असं पडलं, की राज्यांच्या कोर्टांनी प्रत्येक गरीब आरोपीला वकील दिलाच पाहिजे असं नाही. काही खास परिस्थिती असेल, म्हणजे आरोपी अशिक्षित आहे, मानसिकदृष्ट्या दुबळा आहे, खटला फार किचकट आहे, तर द्यावा. केंद्राच्या कोर्टांत 1938 पासून वकील मिळत होता, पण चोरी, मारामारी असे बहुतेक खटले चालतात राज्यांच्या कोर्टांत. बेट्सच्या निकालाशी असहमत असलेल्या न्यायाधीशांमध्ये ह्यूगो ब्लॅक हे एक होते. हे नाव लक्षात ठेवा.

तर गिडियनने स्वतःची केस स्वतः लढवली. आठवी पास माणूस, समोर सरकारी वकील. त्याने ज्युरीपुढे भाषण केलं, साक्षीदारांना प्रश्न विचारले, स्वतःचे साक्षीदारही बोलावले. वाईट नाही केलं. पण वाईट न करणं वेगळं आणि केस लढणं वेगळं. कुठल्या साक्षीदाराला काय विचारायचं, कुठे थांबायचं, कशाला हरकत घ्यायची, हे त्याला कुठून कळणार? तुम्हाला उद्या कुणी ऑपरेशन थिएटरमध्ये नेलं आणि स्वतःचं अपेंडिक्स स्वतः काढा म्हटलं तर? दिवसभरात खटला संपला. दोषी. 25 ऑगस्टला शिक्षा सुनावली, पाच वर्षं. त्या गुन्ह्याला यापेक्षा जास्त देताच येत नव्हती.

फ्लोरिडाच्या रेफर्ड इथल्या तुरुंगात त्याने कायद्याची पुस्तकं चाळायला सुरुवात केली. आधी फ्लोरिडाच्या सुप्रीम कोर्टात अर्ज केला, तो फेटाळला. मग त्याने थेट वॉशिंग्टनला लिहिलं. तुरुंगाचा रेघांचा कागद, वर कैद्यांच्या पत्रव्यवहाराचे नियम छापलेले, आणि खाली पेन्सिलने, ठळक, शाळकरी वाटावं अशा अक्षरात लिहिलेला मजकूर. स्पेलिंगच्या चुका, विरामचिन्हं मनाला येतील तशी. पहिल्या वेळी गरिबीचं प्रतिज्ञापत्र जोडलं नव्हतं म्हणून कागद परत आले. सुप्रीम कोर्टाच्या कचेरीने नियमांची प्रत आणि प्रतिज्ञापत्राचा नमुना पाठवला. त्याने सगळं नीट भरून पुन्हा पाठवलं. 8 जानेवारी 1962 ला तो लिफाफा कोर्टात पोचला.

माझ्या पिढीला फॉर्म भरताना एक डॉक्युमेंट राहिलं की वेबसाइटला शिव्या घालायची सवय आहे. मीही घालते. म्हणून हा परत आलेला लिफाफा मला विशेष वाटतो. पन्नाशीचा आजारी कैदी, हातात पेन्सिल, बाहेर वाट बघणारं कुणी नाही. त्याने पुन्हा लिहिलं.

अर्जात त्याने आपण अडाणी आहोत, आजारी आहोत, आपल्यावर विशेष अन्याय झाला, असं काहीच म्हटलं नव्हतं. म्हणजे बेट्सच्या निकालातली खास परिस्थिती त्याने मागितलीच नाही. मुद्दा एकच: माझ्याकडे पैसे नव्हते, मी वकील मागितला, दिला नाही, हे राज्यघटनेविरुद्ध आहे. एखाद्या हुशार वकिलाने बेट्सचा आधार घेतला असता आणि केस तिथेच अडकली असती. याला बेट्स माहीतच नव्हता, त्यामुळे प्रश्न अगदी मोकळा आणि सरळ समोर आला. 4 जून 1962 ला सुप्रीम कोर्टाने केस ऐकायची ठरवली आणि दोन्ही बाजूंना सांगितलं, की बेट्सचा निकाल बदलावा का, यावर बोला.

आणि गिडियनला वकील मिळाला. साधासुधा नाही, एब फोर्टस, वॉशिंग्टनच्या बड्या लॉ फर्ममधला नामांकित माणूस. पुढे 1965 मध्ये तो स्वतःच सुप्रीम कोर्टाचा न्यायाधीश झाला. त्याने ही केस एक पैसा न घेता लढवली. त्याच्या फर्ममध्ये त्या उन्हाळ्यात जॉन हार्ट इली नावाचा लॉचा विद्यार्थी कामाला होता, वय 23. जुने निकाल शोधून काढण्याचं बरंचसं काम त्याने केलं. इंटर्न लोकहो, चहा आणण्यापलीकडेही कामं असतात, एवढंच सुचवते.

फोर्टसने गिडियनकडून त्याची माहिती मागवली, तेव्हा गिडियनने तुरुंगातून एक लांबलचक पत्र लिहिलं. सगळं आयुष्य त्यात होतं: घर सोडणं, चोऱ्या, लग्नं, टीबी, मुलांची काळजी. स्वतःला चांगला म्हणवून घ्यायचा प्रयत्न त्यात फारसा नाही. गिडियनबद्दल आपल्याला आज जे माहीत आहे, त्यातलं बरंच त्या पत्रामुळे.

फ्लोरिडाच्या बाजूने उभा होता ब्रूस जेकब, विशीतलाच एक सरकारी वकील. राज्याच्या वतीने त्याने देशभरच्या ॲटर्नी जनरलना पत्रं पाठवली, की हा राज्यांच्या अधिकारांचा प्रश्न आहे, आमच्या बाजूने उभे राहा. परिणाम उलटाच झाला. मिनेसोटाचे वॉल्टर मॉन्डेल (पुढे अमेरिकेचे उपाध्यक्ष झाले ते) यांनी उलट बाजू घेतली, आणि शेवटी वीसहून जास्त राज्यांनी कोर्टाला कळवलं की गिडियनचं बरोबर आहे. फ्लोरिडाच्या बाजूने आली फक्त दोन. बिचारा जेकब! पण त्याला खलनायक समजू नका. पुढे तो कायद्याचा प्राध्यापक झाला आणि विद्यार्थ्यांना सोबत घेऊन गरीब कैद्यांना कायद्याची मदत मिळवून देण्याचं काम त्याने केलं.

15 जानेवारी 1963 ला युक्तिवाद झाला. फोर्टसचा एक मुद्दा मला फार पटला. अमेरिकेतला सर्वांत नावाजलेला फौजदारी वकील क्लॅरेन्स डॅरो, त्याच्यावर स्वतःवर खटला झाला तेव्हा त्यानेही दुसरा वकील लावला होता. ज्याचा आयुष्यभराचा धंदा तोच, त्याला गरज पडते, तर गिडियनला पडणार नाही?

निकाल 18 मार्च 1963 ला आला, नऊ विरुद्ध शून्य. आणि तो लिहिला ह्यूगो ब्लॅक यांनी. 1942 मध्ये ज्यांचं मत हरलं होतं, त्यांनी 21 वर्षांनी तेच मत सगळ्या कोर्टाच्या वतीने लिहिलं. गंभीर गुन्ह्याचा आरोप असेल आणि पैसे नसतील, तर राज्याने वकील द्यायचा. ही चैन नव्हे, न्यायासाठी लागणारी गरज आहे, असं त्या निकालाचं सार.

आपण सिनेमात असतो तर इथे एंड क्रेडिट्स आले असते. पण सुप्रीम कोर्टाने गिडियनला निर्दोष ठरवलं नव्हतं. खटला पुन्हा चालवा, एवढंच सांगितलं. माझ्या मते गोष्टीतला सर्वांत महत्त्वाचा भाग पुढेच आहे.

5 ऑगस्ट 1963. तेच शहर, तेच न्यायाधीश मॅक्क्रेरी, तोच साक्षीदार. मायामीहून नागरी हक्क संघटनेचे मोठे वकील मदतीला आले होते. गिडियनने त्यांना नको म्हटलं. हट्टी तर होताच. न्यायाधीशांनी विचारल्यावर त्याने गावातलाच वकील मागितला, फ्रेड टर्नर. टर्नर गावात फिरून लोकांशी बोलला, जागा बघितली. त्या तरुण साक्षीदारालाही तो ओळखत होता, पूर्वी त्याचीच वकिली त्याने केली होती.

कोर्टात टर्नरने त्या तरुणाला साधे प्रश्न विचारले. तू पहाटे साडेपाचला तिथे काय करत होतास? तो म्हणाला, लांबच्या गावी नाचाच्या कार्यक्रमाहून मित्रांसोबत परत येत होतो. मग मित्रांनी घरी न सोडता पूलरूमपाशी का सोडलं? चोरी होताना दिसली तर पोलिसांना का नाही बोलावलं? उत्तरं डळमळू लागली. टर्नरने ज्युरीला सुचवलं, की आत घुसलेल्यांसाठी बाहेर पहारा देणारा हाच कशावरून नसेल?

मग टॅक्सीवाला. त्या पहाटे गिडियनने फोन करून टॅक्सी बोलावली होती. ड्रायव्हर म्हणाला, की मी तुला सोडलं हे कुणाला सांगू नकोस, असं गिडियनने मला बजावलं. ऐकायला किती वाईट वाटतं ना? सरळ कबुलीच. टर्नरने फक्त पुढचा प्रश्न विचारला: असं तो आधी कधी म्हणाला होता का? ड्रायव्हर म्हणाला, नेहमीच म्हणतो. का? बायकोशी त्याची भांडणं चालायची म्हणून. आणि त्याच्याजवळ वाइन, बिअर, कोक काही होतं का? नव्हतं. संपलं. खिशातल्या नाण्यांचं उत्तर गिडियनने स्वतः दिलं, ती जुगारातली होती.

तासाभरात सहा जणांच्या ज्युरीने सांगितलं, निर्दोष.

तोच माणूस, तोच आरोप, जवळपास तेच पुरावे. फरक एकाच गोष्टीचा, पुढचा प्रश्न विचारणारं कुणीतरी बाजूला बसलं होतं. मधली दोन वर्षं मात्र तो आत काढून आला होता. ती कुणी परत दिली नाहीत.

फ्लोरिडाने त्याच वर्षी कायदा करून सरकारी पगारावर बचाव करणारे वकील नेमले. वकिलाशिवाय शिक्षा झालेले त्या एकट्या राज्यातले सुमारे दोन हजार कैदी सुटले. यातले सगळे निर्दोष होते का? नसतील. हा प्रश्न मला घरी वडिलांनी विचारला. माझं उत्तर असं, की निर्दोष कोण ते आधी ठरवता आलं असतं, तर खटल्याचीच गरज नव्हती.

या गोष्टीचा एक धागा आपल्याकडेही आलाय. आपल्या घटनेच्या कलम 22 मध्ये वकिलाचा सल्ला घेण्याचा हक्क पहिल्यापासून आहे, पण फी कोण देणार, हा प्रश्न उरत होता. 42 व्या घटनादुरुस्तीने 1976 मध्ये मोफत कायदेविषयक मदतीचं कलम 39-अ आलं. 1978 मध्ये आपल्या सुप्रीम कोर्टात महाराष्ट्रातलं एक प्रकरण गेलं. मुंबई हायकोर्टाने तीन वर्षांची शिक्षा दिलेल्या एका प्राध्यापकाला निकालाची प्रतच वेळेत मिळाली नव्हती, अपील करेपर्यंत शिक्षा भोगून झाली होती. त्या निकालात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी कैद्याला निकालाची प्रत आणि अपिलासाठी वकील मिळाला पाहिजे असं सांगितलं, आणि सांगताना चक्क गिडियनच्या खटल्याचा दाखला दिला. 1979 मध्ये बिहारच्या तुरुंगात वर्षानुवर्षं सडणाऱ्या कच्च्या कैद्यांच्या प्रकरणात हा हक्क कलम 21 चा, म्हणजे जगण्याच्या आणि स्वातंत्र्याच्या हक्काचा भाग ठरला. 1986 मध्ये अरुणाचलच्या एका प्रकरणात कोर्ट आणखी पुढे गेलं: आरोपीने वकील मागायची वाट बघू नका, असा हक्क आहे हे न्यायाधीशांनीच त्याला सांगायचं. हेडलाइन्समध्ये गाजलेल्या 26/11 च्या खटल्यातही हाच नियम लागू झाला, तेव्हा किती लोक चिडले होते ते घरच्यांना विचारून बघा.

आज कोठडीत असलेल्या माणसाला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मागता येतो. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक यांनाही. प्रत्येक जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं, हेल्पलाइनचा नंबर 15100. फोनमध्ये सेव्ह करा, तुमच्यासाठी नाही तर कामवाल्या मावशींच्या मुलासाठी. अर्थात, नेमलेला वकील केस वाचून येतो का, आरोपीला तारखेआधी एकदा तरी भेटतो का, हा वेगळा प्रश्न आहे. त्या स्लिपरवाल्या मुलाला टर्नर मिळाला की नुसतं कागदावरचं नाव, मला माहीत नाही. पुढच्या तारखेला मी सीनिअरना न विचारताच गेले होते. त्याची केस त्या दिवशी बोर्डावर नव्हती.

गिडियन सुटला तेव्हा 52 वर्षांचा होता. अँथनी लुईस या पत्रकाराने त्याच्यावर पुस्तक लिहिलं, ‘गिडियन्स ट्रम्पेट’, ते 1964 मध्ये आलं आणि खूप गाजलं. पुढे 1980 मध्ये सिनेमा आला, गिडियनचं काम हेन्री फोंडाने केलं. गिडियनने तो पाहिला नाही. सुटल्यावर त्याने पुन्हा लग्न केलं, मिळेल ते काम केलं आणि 18 जानेवारी 1972 ला फ्लोरिडातल्या फोर्ट लॉडरडेल इथे कॅन्सरने गेला. वय 61. खिशात तेव्हाही काही नव्हतं.

मृतदेह हॅनिबलला नेला. ज्या घरातून तो पोरवयात पळाला होता, त्याच माणसांनी त्याला तिथे पुरलं. थडग्यावर नाव नव्हतं. साधारण बारा वर्षं ते तसंच होतं. मग 1984 मध्ये नागरी हक्क संघटनेने तिथे ग्रॅनाइटचा दगड बसवला. ज्यांचे वकील त्याने नको म्हणून परत पाठवले होते, तीच ही संघटना. दगडावर नावाखाली एक वाक्य कोरलंय, तुरुंगातून फोर्टसला लिहिलेल्या त्या लांबलचक पत्रातलं.